ओळख मातीची : काळी, तांबडी आणि चोपण

जुन्या गावगाड्यात गावाच्या जमिनीचे दोन ठळक भाग मानले जात. कसण्याची शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. काळीत पीक घ्यायचे आणि पांढरीवर घर बांधायचे, अशी ही सरळ विभागणी होती. पांढरीचा पांढुरका रंग पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती यांतून आलेला असतो. म्हणूनच प्राचीन वस्तीचा शोध घेणारे पुरातत्त्वज्ञ आजही प्रथम पांढरीची टेकाडे धुंडाळतात.

या विभागणीत मातीचे एक मोठे शास्त्र दडलेले आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर उभारलेली भिंत सरळ राहत नाही. मात्र हीच माती पावसाळ्याचे पाणी पोटात साठवून पुढे कित्येक आठवडे पिकाला पुरवते. जो गुण शेताला तारतो तोच घराला मारक ठरतो.

शहरी माणसाचा मातीशी संबंध येतो तो कुंडी भरताना, पायाचा खड्डा खणताना, नाहीतर पावसाळ्यात पायाला चिखल लागल्यावर. त्यामुळे माती म्हणजे सगळीकडे सारखाच एक पदार्थ, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात काही तासांच्या प्रवासात मातीचा रंग, पोत, खोली आणि रासायनिक स्वभाव पूर्णपणे बदलतो. हा स्वभाव न ओळखता सर्व मातींना एकच वागणूक दिल्याची किंमत राज्यातील हजारो शेतकऱ्यांनी आणि घरमालकांनी मोजली आहे.

मातीत असते तरी काय?

माती म्हणजे निव्वळ खडकाचा चुरा नव्हे. खनिज कण, सेंद्रिय पदार्थ, पाणी आणि हवा या चार घटकांनी मिळून माती बनते. पिकांच्या वाढीला अनुकूल अशा आदर्श मातीत आकारमानाच्या दृष्टीने सुमारे ४५ टक्के खनिज कण, ५ टक्के सेंद्रिय पदार्थ, २५ टक्के पाणी आणि २५ टक्के हवा असते, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. म्हणजे पायाखालच्या घट्ट वाटणाऱ्या जमिनीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. या पोकळ्यांत कधी पाणी असते, तर कधी हवा.

पाणी आणि हवा यांचे प्रमाण स्थिर नसते. जोराचा पाऊस झाला की पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा बाहेर पडते. ही स्थिती लांबली तर मुळे गुदमरतात. उलट जमीन सुकली की पोकळ्यांत केवळ हवा उरते आणि पीक कोमेजते. या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेला मराठी शेतकऱ्याने 'वाफसा' हा नेमका शब्द दिला आहे. वाफसा आलेल्या जमिनीत ओल असते, पण चिखल नसतो. ढेकूळ हातात दाबले तर सहज फुटते. पेरणी आणि मशागत याच वेळी करायची, हा शेतीचा पहिला धडा होय.

खडकापासून मातीपर्यंत

माती कशी तयार होते, या प्रश्नाला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ वासिली दोकुचायेव यांना दिले जाते. रशियातील काळ्या मातीवरील त्यांचा ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. माती ही स्वतंत्र नैसर्गिक वस्तू असून ती विशिष्ट परिस्थितीत घडते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९४१ मध्ये हान्स जेनी यांनी मातीच्या निर्मितीचे पाच घटक सूत्रबद्ध केले. मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ हे ते पाच घटक.

महाराष्ट्राचे उदाहरण घेतले की या पाचही घटकांचे काम डोळ्यांसमोर उभे राहते. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाने व्यापला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड लाव्हारसाच्या उद्रेकांतून दख्खनचे हे पठार घडले. ऊन, पाऊस आणि वनस्पतींची मुळे यांच्या माऱ्याने हा कठीण खडक प्रथम फुटतो, मग त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची कालांतराने माती बनते. पावसाने ही माती उतारावरून खाली वाहून येते. त्यामुळे एकाच टेकडीच्या माथ्यावर वीतभर मुरमाड जमीन, मधल्या उतारावर मध्यम जमीन आणि पायथ्याच्या सखल भागात पुरुषभर खोल काळी जमीन आढळते. खडक एकच असला तरी उतार बदलला की माती बदलते.

हवामानाचा परिणाम तर याहून ठळक आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला मध्यम व कमी पावसाच्या प्रदेशात बेसाल्टपासून काळी माती तयार झाली. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पावसाने त्याच खडकातील सिलिका व विद्राव्य क्षार धुऊन नेले, लोह व अॅल्युमिनियम मागे राहिले आणि तांबडी जांभी माती तयार झाली.

विहीर किंवा पायाचा खड्डा खणताना मातीचे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत वर पालापाचोळ्याचा पातळ थर, त्याखाली गडद रंगाची सुपीक माती, त्याखाली चिकणमाती आणि क्षार साचलेला घट्ट थर, मग मुरूम आणि अखेरीस अभंग खडक असा हा क्रम असतो. पिकांचे अन्न आणि मातीतील बहुतांश जीवसृष्टी वरच्या थोड्या थरातच एकवटलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मते, मातीचा दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा थर तयार होण्यास हजार वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो.

कणांचा हिशेब

मातीतील खनिज कणांचे त्यांच्या आकारमानानुसार तीन गट केले जातात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान, पण डोळ्यांना दिसणारे आणि बोटांना खरखरीत लागणारे कण ते वाळूचे. त्याहून बारीक, पिठासारखे मऊ लागणारे कण ते गाळाचे. ०.००२ मिलिमीटरपेक्षाही सूक्ष्म कण ते चिकणमातीचे. या तिन्हींच्या प्रमाणावरून मातीचा पोत ठरतो. वाळू अधिक असेल तर रेताड माती, सूक्ष्म कण अधिक असतील तर चिकण माती आणि तिन्हींचा मेळ असेल तर पोयट्याची माती, असे ढोबळ वर्गीकरण करता येते.

कण लहान झाल्याने एवढा फरक का पडतो, हे साध्या गणिताने समजते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे मिलिमीटरच्या एक हजारांश एवढ्या बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ ६ चौरस मीटर होते. पदार्थ तेवढाच, परंतु पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्यासाठी पृष्ठभाग दहा हजारपट. शिवाय चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांसारखी धनभारित अन्नद्रव्ये त्यांना चिकटून राहतात. रेताड जमिनीत खत लवकर वाहून जाते आणि भारी जमिनीत ते टिकते, याचे एक प्रमुख कारण हेच.

मातीचा पोत घरच्या घरी पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती घ्यावी, पाणी भरावे, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून बरणी जोरात हलवावी आणि स्थिर ठेवावी. पहिल्या एक-दोन मिनिटांत तळाशी वाळू बसते, पुढील काही तासांत गाळाचा थर आणि एक-दोन दिवसांत चिकणमातीचा थर जमतो. तीनही थर पट्टीने मोजले की मातीचा अंदाज येतो.

चमचाभर मातीतील जग

चमचाभर सुपीक मातीत अब्जावधी जीवाणू असतात. त्यांच्या सोबतीला बुरशी, आदिजीव, सूत्रकृमी आणि डोळ्यांना दिसणारी गांडुळे असतात. पालापाचोळा, शेण, मेलेली मुळे या साऱ्यांचे विघटन करून ही जीवसृष्टी ह्यूमस तयार करते. ह्यूमस मातीच्या कणांना बांधून त्यांचे रवाळ दाणे बनवते. या दाण्यांमुळे मातीत लहानमोठ्या पोकळ्या राहतात, पाणी मुरते आणि हवा खेळते. चार्ल्स डार्विन यांनी आपला अखेरचा ग्रंथ, १८८१ साली, गांडुळे आणि माती यांच्या संबंधावरच लिहिला होता.

पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मृद्‌गंधातही या सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा आहे. मातीतील अॅक्टिनोमायसिटीज गटाचे जीवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर ते हवेत मिसळते. याच गटाने वैद्यकशास्त्राला अनेक प्रतिजैविके दिली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत मातीतील जीवाणूपासूनच मिळाले. बुरशीविरोधी हॅमायसिन या औषधाचा शोध पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. ज्या जीवाणूपासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' असा पिंपरीचा उल्लेख आहे.

महाराष्ट्राच्या उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ वेगाने कुजून नष्ट होतात. त्यामुळे आपल्या जमिनींत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण मुळातच कमी असते आणि काळ्या जमिनीतही ते अनेकदा एक टक्क्याखाली राहते. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय खत, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. हा रंग मुख्यतः बेसाल्टमधून आलेली खनिजे आणि चिकणमातीच्या कणांशी घट्ट बांधले गेलेले थोडे ह्यूमस यांमुळे येतो.

महाराष्ट्रातील मातीचे प्रमुख प्रकार

काळी कसदार माती : हिला रेगूर किंवा कापसाची काळी माती असेही म्हणतात. गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी यांच्या खोऱ्यांत आणि विदर्भाच्या पश्चिम भागात ती मोठ्या प्रमाणावर आढळते. तिच्यातील स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे पापुद्र्यांसारखी असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात-हातभर खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडून आपोआप खालीवर होते, म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हटले जाते. जागतिक वर्गीकरणात तिला 'व्हर्टिसोल' हे नाव मिळाले तेही उलटणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांनी ती समृद्ध असते, मात्र नत्र व स्फुरद यांची तिच्यात उणीव असते. सोलापूर, अहिल्यानगर भागांत रब्बी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरली जाते आणि पुढे पाऊस नसतानाही केवळ जमिनीतील ओलीवर कणसात येते. एवढी ओल साठवणे खोल काळ्या मातीलाच जमते.

हलकी व मध्यम माती : डोंगरमाथे, माळराने आणि उतारांवर मुरमावर पसरलेला मातीचा पातळ थर आढळतो. तिला बरड, मुरमाड, माळाची जमीन अशी नावे आहेत. तिच्यात पाणी टिकत नाही, मात्र निचरा उत्तम होतो. बाजरी, हुलगा, मटकी यांसारखी काटक पिके तिच्यात तग धरतात. धूप झाल्यास सर्वांत आधी उघडी पडते ती हीच जमीन.

जांभी माती : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा तसेच महाबळेश्वर, पाचगणी, कास येथील पठारांवर जांभा दगड व त्यापासूनची तांबडी माती दिसते. या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव ब्रिटिश निरीक्षक फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी केरळात पाहिलेल्या विटांसारख्या दगडावरून दिले. त्यांचे प्रवासवर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. हा दगड खाणीत तुलनेने मऊ असतो, चिरे कापून उघड्यावर ठेवले की कठीण होतो. जांभ्या मातीतील केओलिनाइट हे चिकणखनिज फारसे फुगत नाही. तिचा सामू आम्लधर्मी असतो आणि घातलेले स्फुरद लोह व अॅल्युमिनियम यांच्याशी बांधले जाऊन पिकाला सहज मिळत नाही. तरीही हापूस आंबा आणि काजू यांना तिचा चांगला निचरा मानवतो. उघड्या कातळाच्या सड्यांवर तर सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरची माती भरून आंब्याच्या बागा उभ्या केल्या गेल्या आहेत.

तांबडी व पिवळसर माती : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत बेसाल्टऐवजी ग्रॅनाइट, नाइस यांसारखे प्राचीन खडक आहेत. त्यांपासून तयार झालेली माती लोहाच्या संयुगांमुळे तांबूस किंवा पिवळसर दिसते. तलाव आणि भातशेती यांचा हा प्रदेश. येथील शेतकऱ्यांनी जमिनीला कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी वेगवेगळी नावे दिली असून प्रत्येक नावातून मातीचा भारीपणा, खोली आणि धानाला असलेली योग्यता कळते.

गाळाची माती : नद्यांनी वाहून आणलेल्या गाळापासून ही माती बनते. खानदेशातील तापीचे खोरे हे तिचे राज्यातील प्रमुख उदाहरण असून जळगावची केळी याच खोल जमिनीत पिकते. तापीची उपनदी असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात मात्र चित्र निराळे आहे. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील 'खारपाण पट्ट्या'त भूजल क्षारयुक्त असल्याने विहिरीचे पाणी असूनही सिंचनास घातक ठरते.

खार माती : कोकण किनाऱ्यावर भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल भागात खार जमिनी आहेत. गोव्यात अशा जमिनींना खाजण म्हणतात. बांध आणि 'मानस' नावाची झडपांची दारे यांच्या साह्याने भरतीचे पाणी अडवून खाजणात भातशेती व मासेमारी करण्याची तेथील व्यवस्था शतकानुशतकांची आहे.

पाणी तेच, परिणाम वेगळा

मातीचा स्वभाव विसरल्यास काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कृष्णाकाठी सापडते. सांगली जिल्ह्यातील मिरज, वाळवा, पलूस आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ हे तालुके उसासाठी प्रसिद्ध आहेत. याच तालुक्यांत पाणथळ, क्षारपड आणि चोपण जमिनींचे मोठे क्षेत्र आहे. ज्या पाण्याने समृद्धी आणली, त्याच पाण्याने काही शेते नापीक केली.

हे कसे घडते? काळ्या मातीत पाण्याचा निचरा मुळातच सावकाश होतो. उसाला सतत आणि मोठ्या प्रमाणात मोकाट पाणी दिले की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. बारीक पोकळ्यांतून हे पाणी, दिव्यातील वातीतून तेल चढावे तसे पृष्ठभागापर्यंत चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार वरच मागे राहतात. अशा क्षारपड जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. पुढे सोडियमचे प्रमाण वाढले की ते चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा घेते. मग कणांचे दाणे विस्कटतात, पोकळ्या बंद होतात आणि जमीन चोपण बनते. चोपण जमीन ओली असताना साबणासारखी चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी टणक होते. तिचा सामू साधारणपणे ८.५ च्या वर जातो आणि पाणी तिच्यात मुरेनासे होते.

हे संकट नवे नाही. नीरा नदीच्या कालव्यांखालील उसाच्या पट्ट्यात जमिनी पाणथळ होऊ लागल्याचे ब्रिटिश राजवटीतच ध्यानात आले होते. सिंचनाच्या पद्धतीत शेतीच्या गरजेनुसार सुधारणा करण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ मध्ये एक विशेष सिंचन कक्ष स्थापन केला. खडकवासला येथील आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे मूळ तेच.

चोपण जमीन सुधारता येते, परंतु ते काम खर्चाचे व चिकाटीचे आहे. प्रथम उघडे चर खणून किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचऱ्याची वाट करून द्यावी लागते. त्यानंतर परीक्षणानुसार जिप्सम मिसळावे लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवते आणि चांगल्या पाण्याने तो सोडियम निचऱ्यावाटे बाहेर काढावा लागतो. ताग किंवा ढैंचा यांसारखे हिरवळीचे पीक गाडल्यास मातीची घडण सावरण्यास मदत होते. निचऱ्याची सोय न करता नुसते जिप्सम टाकले, तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात. शेजारच्या शेतांतून पाणी येत असेल तर एकट्या शेतकऱ्याच्या प्रयत्नांना मर्यादा पडते, म्हणून निचऱ्याची कामे सामूहिकच व्हावी लागतात.

भिंतीला तडा का जातो?

काळ्या मातीचा हाच फुगण्या-आक्रसण्याचा गुण शहरांत वेगळ्या रूपाने भेटतो. पावसाळ्यात अडकणारे दरवाजे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके जाणारे तडे, उचललेली फरशी, उन्हाळ्यात पुन्हा रुंदावणारी भेग ही अनेकदा पायाखालच्या काळ्या मातीची लक्षणे असतात. माती सगळीकडे सारखी भिजत नाही. ज्या बाजूला पागोळ्यांचे पाणी पडते, नळ गळतो किंवा मोठे झाड पाणी शोषते, त्या बाजूची माती वेगळी हलते आणि भिंतीवर ताण येतो.

यावर जुना उपाय म्हणजे पाया काळ्या मातीतून पार मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणे. माती उथळ असेल तर ती काढून मुरमाचा भराव दाबून भरतात. ती खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब घेतले जातात. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. हे खांब मातीच्या ज्या खोल थरात हंगामी हालचाल होत नाही, तेथे रुतून बसतात. घराभोवती फरसबंदी करून पावसाचे पाणी पायापासून दूर नेणे हाही तितकाच महत्त्वाचा उपाय आहे. भूखंड घेताना रस्ता, पाणी, वीज पाहिली जाते. माती कोणती आहे आणि मुरूम किती खोलीवर लागतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वाहून जाणारी ठेव

माती बिघडण्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा धोका ती वाहून जाण्याचा आहे. एका हेक्टरवरून मातीचा अवघा एक मिलिमीटर थर गेला, तर सुमारे १० घनमीटर, म्हणजे १३ टनांच्या आसपास माती गेलेली असते. शेतात उभे राहून हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. उताराच्या दिशेने केलेली नांगरट, उघडी पडलेली टेकडी आणि पहिल्या पावसाच्या वेळी मोकळी असलेली शेते यांमुळे हे नुकसान वर्षानुवर्षे होत राहते.

याची जाणीव ठेवून मुंबई प्रांतात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा करण्यात आला आणि समपातळी बांधबंदिस्तीला चालना मिळाली. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी काढलेल्या कामांत बंधारे, ताली आणि पाझर तलाव यांना मोठे स्थान होते. अलीकडे, २०१७ मध्ये, राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. धरणात साचलेला गाळ म्हणजे वरच्या शेतांतून वाहून आलेली सुपीक मातीच. हलक्या जमिनीत तो पसरल्यास लाभ होतो. मात्र प्रत्येक धरणाचा गाळ सारखा नसतो. त्यात चुनखडी किंवा चिकणमाती अधिक असू शकते. त्यामुळे आधीच भारी असलेल्या शेतात परीक्षण न करता गाळ टाकणे शहाणपणाचे नाही.

परीक्षण आणि कुंडी

मातीचा स्वभाव डोळ्यांनी अंशतःच कळतो. उरलेले काम प्रयोगशाळेचे. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. तिच्यात सामू, विद्राव्य क्षार व सेंद्रिय कर्ब यांबरोबर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा एकूण १२ बाबींची तपासणी अभिप्रेत आहे. नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची जागा टाळावी. शेतातील अनेक ठिकाणांहून इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे खड्डे घेऊन माती गोळा करावी आणि ती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना पाठवावा, असे कृषी विभाग सांगतो. देशभरातील मातीच्या सर्वेक्षणाचे व नकाशांचे काम करणारी राष्ट्रीय संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भू-उपयोग नियोजन ब्युरो, महाराष्ट्रातच म्हणजे नागपूर येथे आहे. तिची स्थापना १९७६ मध्ये झाली.

शहरातील बाल्कनीतही हेच नियम लागू पडतात. बांधकामाच्या जागेवरची काळी माती फुकट मिळाली म्हणून ती तशीच कुंडीत भरली, तर ती वाळल्यावर कडेपासून सुटते, दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मधले मूळ कोरडेच राहते. पोयट्याची किंवा लाल माती, चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत आणि थोडी जाडसर वाळू किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण अधिक उपयोगी ठरते. रोज ठरावीक पाणी ओतण्याऐवजी बोट खुपसून ओल पाहावी. कुंडीतही वाफसा सांभाळावा लागतो.

दरवर्षी ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने होणाऱ्या भाषणांत मातीला काळी आई म्हटले जाते. दुसरीकडे, वाढत्या शहरांच्या कडेला याच काळीचे भूखंड पडत आहेत. पिकाऊ थर खरवडून कुठे भरावाला, कुठे वीटभट्टीला जातो आणि उरलेल्या जागेवर काँक्रीट चढते. एकदा झाकलेली किंवा खरवडलेली माती माणसाच्या आयुष्यात परत मिळत नाही. काळी कशासाठी राखायची आणि पांढरी कोठे बसवायची, हा जुन्या गावाने आपल्या परीने सोडवलेला प्रश्न आता नगररचनेच्या आराखड्यांपुढे उभा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी जमिनीच्या भावाबरोबर मातीची जातही पाहिली गेली पाहिजे.